तीन आठवड्यांचा रेडिओ

मंदी आली तेव्हा शारजात अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगखाली दर आठवड्याला एखादी नवी गाडी धूळ खात उभी राहायची. मालक रातोरात मायदेशी. माझा इंग्रज बॉस सभ्य माणूस, म्हणून तो जाण्याआधी रीतसर गाडी विकून गेला, आणि ती मी घेतली. चार दारांचा, मागे हौदा असलेला, वाळूत चालणारा पिकअप. का घेतला ते आजही नीट सांगता येणार नाही. स्वस्त मिळाला, हे एक कारण. चाळिशी उलटली होती, हे दुसरं. ठाण्याला आईला फोन केला तर ती म्हणाली, "इंजिनीअर होऊन शेवटी टेम्पो घेतलास?" बायको म्हणाली, निदान गव्हाची पोती तरी आणता येतील.

पिकअपमुळे आम्हाला एका मराठी टोळीत प्रवेश मिळाला. आम्ही धरून पाच कुटुंबं. दर शुक्रवारी सकाळी ही मंडळी वाळवंटात गाड्या घालायची, टेकड्या चढायची, रुतायची, एकमेकांना दोराने ओढून काढायची आणि मग चटया अंथरून नाश्ता करायची. टोळीचा म्होरक्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याला सगळे कप्तान म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्याचे दोन नियम होते. पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, आणि रेडिओ नसेल तर ताफ्यात यायचं नाही. टेकड्यांमागे मोबाइलला रेंज नसते आणि असली तरी तो एकालाच ऐकू येतो. रेडिओवर एकाने बटन दाबून तोंड उघडलं की पाचही गाड्यांत ऐकू जातं. मला त्याने महिनाभराची मुदत दिली.

"अल ऐनच्या बाजूच्या मोठ्या टेकड्यांवर जाऊ, तेव्हा गाडीत पक्का बसवलेला सेट हवा," तो म्हणाला. "हातातली खेळणी चालणार नाहीत."

पुढच्याच रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ऑफिसात एचआरच्या बाईंनी मला आत बोलावलं. मी एका बांधकाम कंपनीत टेंडरचे अंदाज काढायचो. टेंडरंच उरली नाहीत तर अंदाज कशाचे काढणार, हे त्यांनी फार गोड शब्दांत समजावून सांगितलं. खलास. चौदा वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं आणि खोकं पिकअपच्या हौद्यात इतकं लहान दिसलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

घरी सांगितलं नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर, मुलीची शाळा, सगळंच आवरावं लागतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ठरवलं, दुसरी नोकरी मिळाली की दोन्ही बातम्या एकदम देऊ, आधी चांगली आणि मग वाईट. माझी बायको पूर्वी शाळेत शिकवायची. तिच्यापासून एखादी गोष्ट लपवायची म्हणजे रोजचा दिनक्रम काटेकोर पाळायला हवा, एवढं मला कळत होतं.

म्हणून मी रोज सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचो. सायबर कॅफेत बसून अर्ज पाठवायचे. ते दहापर्यंत आटपायचे, कारण अर्ज करायला तेवढ्या कंपन्याच उरल्या नव्हत्या. मग मॉलमध्ये जाऊन पाहिलं. तिथे माझ्यासारखेच इस्त्रीचे शर्ट घातलेले, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेले पंधरावीस पुरुष कारंज्याकडे बघत बसले होते. नजरानजर झाली की आम्ही सगळे घड्याळ बघायचो. दोन दिवसांत मला ते सहन होईना. तेव्हा मला आठवलं की आपल्याला एक रेडिओ निवडायचा आहे.

एरवी हे काम अर्ध्या तासाचं. मी त्याला तीन आठवडे पुरवले. रोला भागातल्या एका गल्लीत मल्याळी मालकाचं रेडिओचं दुकान होतं. साठीचा शांत माणूस. पहिल्या दिवशी त्याने चार सेट काचेवर मांडले. मी वही काढली आणि रकाने आखले. ताकद किती, आवाज किती, माइकची वायर किती लांब, अँटेना किती उंच. अँटेना उंच तेवढं लांबचं ऐकू येतं. पण आमच्या बिल्डिंगचं पार्किंग तळघरात, छत ठेंगणं. मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन छताची उंची मोजली. तिसऱ्या दिवशी पिकअपची मोजली. चौथ्या दिवशी टायरमध्ये हवा भरून पुन्हा मोजली. टेंडरचे अंदाज काढणाऱ्या माणसाला काम दिलं की तो असा फुलतो.

सगळ्यात ताकदीचा सेट मला मनापासून आवडला होता. पण त्याला परवाना लागत होता आणि परवान्याच्या फॉर्मवर 'एम्प्लॉयर' असा रकाना होता. पेन तिथे थांबलं. त्या क्षणी माझं असं तांत्रिक मत झालं की पाच गाड्यांच्या ताफ्याला इतकी ताकद लागतच नाही. दुकानदाराने फॉर्म हळूच काढून घेतला आणि चहा मागवला. तो कधी विचारायचा नाही की साहेब, तुम्हाला ऑफिस नाही का. उलट मी घाईने काही ठरवायला लागलो की म्हणायचा, "सार, जल्दी क्या है. कल देखेंगे."

परवाना न लागणारे दोन सेट उरले. दिसायला सारखे, किमतीत ऐंशी दिरहमचा फरक.

"सार, महंगा वाला ले लो," तो म्हणाला. "बात करने का बटन गलती से दबा रह गया, तो एक मिनट में अपने आप बंद हो जाता है. सस्ते में वो नहीं है."

"ऐंशी दिरहम म्हणजे हजार रुपये झाले," मी मोठ्याने हिशेब केला आणि मग हिंदीत म्हणालो, "भाईसाब, बटन कौन दबाके रखेगा? हमको तो बात करना ही पसंद नहीं."

शेवटी मुदतीचा शुक्रवार दोन दिवसांवर आला तेव्हा मी स्वस्तातला सेट घेतला. घ्यायचा नव्हता. घेतला की दुसऱ्या दिवशी जायचं कुठे, हा प्रश्न होता. दुकानदाराने सेट स्वतः बसवून दिला. बायकोच्या गुडघ्याला लागू नये म्हणून मी तो डॅशबोर्डच्या खाली, पार आत बसवायला लावला. बोलायचं बटन दाबलं की लागणारा त्याच्यावरचा छोटा दिवा त्यामुळे कोणाला दिसत नव्हता, पण गुडघे सुरक्षित राहिले.

आता आमच्या घरात एक पद्धत आहे. नवी वस्तू आली की तिला प्लास्टिक. टीव्हीचा रिमोट आजही पिशवीत राहतो. त्यामुळे शुक्रवारी पहाटे बायकोने रेडिओचा माइक स्वच्छ पिशवीत घालून वर रबरबँड लावला, वाळू जायला नको म्हणून. एक रबरबँड पुरेसा होता. दुसरा मी लावला.

मुलं सगळी कप्तानच्या मोठ्या गाडीत बसली, आमची लेकही. पिकअपमध्ये आम्ही दोघंच. सुरुवातीला रेडिओवर कप्तानच्या सूचना येत होत्या, डावीकडून घ्या, अंतर ठेवा. मग एका टेकडीवरून आम्ही दाणकन खाली आलो. मागे डबे आदळले, माइक खुंटीवरून उडून सीटच्या फटीत पडला आणि त्यानंतर रेडिओ एकदम गप्प झाला.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "किती स्पष्ट सेट आहे. खरखर नावाला नाही."

"कप्तान गप्प बसलेत हेच नवल," ती म्हणाली. "नाही तर वाळूला पण सूचना देतील."

"बँकेतही असाच करत असेल. शिपायाला इंडिकेटर लावून वळायला लावत असेल."

"आणि आज पुन्हा त्यांच्याकडचा उपमा आहे. घसा कोरडा पडतो, पण छान झालाय म्हणावं लागतं."

असं बरंच बोललो. पुढे कप्तानच्या गाडीने दोनदा दिवे लुकलुकवले, मीही दिलखुलास लुकलुकवून उत्तर दिलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मी काचेतून हात केला. लोक किती मोकळे झालेत, असं मी म्हणालोसुद्धा.

मग बायको सरळ समोर बघत म्हणाली, "नोकरी गेली ना तुझी?"

मी गिअर चुकलो. "कोण म्हणालं?"

"डबा म्हणाला. बारा वर्षं भाजी अर्धी परत यायची. तीन आठवडे झाले, डबा चाटूनपुसून येतोय. ऑफिसात असलेला माणूस इतक्या शांतपणे जेवत नाही."

खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. मी सांगितलं. खोकं, मॉल, फॉर्म, दुकानातला चहा, सगळं. रात्री झोप येत नाही म्हणालो. तिला आणि लेकीला परत पाठवावं लागेल याची भीती वाटते म्हणालो. आईला काय सांगू म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तिच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो.

"तुला कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"म्हटलं, आधी रेडिओ तर घेऊन होऊ दे," ती म्हणाली. "निदान रोज कुठे तरी जात होतास." आणि गिअरवरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला.

तेवढ्यात ताफा थांबला. कप्तान गाडीतून उतरला आणि वाळू तुडवत आमच्याकडे आला. मी काच खाली केली. त्याने आत हात घातला, सीटच्या फटीतून माइक ओढून काढला आणि मला दाखवला. दुसरा रबरबँड सरकून बरोब्बर बटनावर घट्ट बसला होता. बटन दाबलेलं असेपर्यंत आपल्याला कोणाचं काही ऐकू येत नाही; आपलं मात्र सगळ्यांना येतं. वीस मिनिटं बाकीच्या चारही गाड्यांत आमचाच कार्यक्रम चालू होता.

कप्तानच्या मागोमाग लेक धावत आली. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "बाबा, वी हर्ड एव्हरीथिंग," ती म्हणाली. "आय डोन्ट माइंड चेंजिंग स्कूल्स." मी तिला आत ओढून घेतलं. लाज, राग, सुटका, काय काय वाटलं ते मला वेगळं करता येणार नाही.

नाश्त्याला कोणी सांत्वन केलं नाही. कप्तानच्या बायकोने माझ्या ताटलीत उपमा वाढला आणि त्यावर तूप घातलं, जरा जास्तच. टोळीतल्या दोघांनी आपापल्या कंपनीत सीव्ही पाठवायला सांगितलं. (त्यातल्याच एकाच्या ओळखीने पुढे मला अल ऐनला नोकरी लागली, पगार कमी, पण व्हिसा टिकला.) मग कप्तान मला टायर दाखवायच्या निमित्ताने पिकअपमागे घेऊन गेला. माझा माइक अजून त्याच्याच हातात होता. बटन वर आलंय ना, हे त्याने अंगठ्याने दोनदा तपासलं.

"मलाही काढलं," तो म्हणाला. "दोन महिने झाले. हिला माहीत नाही."

"रोज कुठे जाता?" मी विचारलं.

"पार्किंगमध्ये. गाडीतच बसतो."

"रोलाला एक रेडिओचं दुकान आहे," मी म्हणालो. "चहा चांगला देतात. काही विचारत नाहीत."

"रेडिओ आहे माझ्याकडे."

"अँटेना बदलायचीय म्हणून सांगा."

तो हसला, मग त्याने तोंड फिरवलं. परत निघताना त्याने शिस्तीत फर्मावलं की सगळी मुलं माझ्या पिकअपमध्ये बसतील. त्याच्या गाडीत तो आणि त्याची बायको दोघंच राहिले.

दहाएक मिनिटं चाललो असू. रेडिओवर त्याचा नेहमीचा हुकमी आवाज आला, "सगळ्यांनी आपापले सेट बंद करा. मी हात दाखवला की चालू करायचे."

मी बटन फिरवून सेट बंद केला. पुढे कप्तानची गाडी हळू झाली आणि वाळूत मधोमध उभी राहिली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. आधी समोर बघणारी, मग एकमेकांकडे वळलेली. पाठोपाठ आमच्या चारही गाड्या थांबल्या. ऊन चढायला लागलं होतं, मागे मुलं कुरकुरत होती, लेक विचारत होती, "बाबा, व्हाय हॅव वी स्टॉप्ड?"

"पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, असा नियम आहे," मी तिला सांगितलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.