कूलर कुणाकडे वळवायचा

प्रोसेसरचा वेग वाढवायचा असेल तर आधी थंडाव्याची सोय बघा, असं मी वाचलेल्या प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं. ते लिहिणारं कुणी मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या खोलीत राहत असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात थंडाव्याची सोय एकच होती, पाण्याचा कूलर. ओलसर वारं थेट लागू नये म्हणून तो जरा लांब ठेवून मी कॉम्प्युटरकडे वळवला होता.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी टॉवेलच्या फोटोवरून विणीतला दोष ओळखणारा प्रोग्राम करत होते. वडील टॉवेलच्या कारखान्यात असल्यामुळे दोष असलेले टॉवेल हवे तेवढे मिळाले. पण प्रोग्रामला हजारो फोटो दाखवून शिकवायचं काम, गुरुवारी संध्याकाळी सुरू केलं तरी, सोमवारी दुपारी दोनपर्यंत चाललं असतं. परीक्षक सोमवारी सकाळी अकराला येणार होते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे नापास झाल्यावर लोक काय करतात हे विचारायलाही कुणी नव्हतं.

वेग थोडा वाढवला तर सगळं वेळेत बसत होतं. सेटिंगमध्ये जाऊन एकेक पायरी वाढवायची, व्होल्टेजला हात लावायचा नाही, प्रत्येक पायरीनंतर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी चालवायची आणि तापमान पंच्याऐंशीच्या वर गेलं की थांबायचं. मला दोन पायऱ्या पुरल्या असत्या. गुरुवारी दुपारपर्यंत मी चार चढले होते. तापमान सत्त्याहत्तरवर शांत बसलं होतं आणि मला पाचवीची स्वप्नं पडायला लागली होती.

तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नातेपुत्याहून ट्रॅक्टरचा कसलातरी पार्ट घ्यायला आले होते. आईनं पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी कूलर त्यांच्याकडे वळवला. चाचणी चालू आहे, तापमान वाढेल, असं मी हळूच सांगून बघितलं.

“जावई घामानं निथळायलेत आन् तू वारं त्या डबड्याला घालतीस व्हय?” आई म्हणाली.

मी स्क्रीनवर तापमानाचा आकडा बघत बसले. एकोणऐंशी. ब्याऐंशी. दाजींनी स्क्रीनकडे बोट करून हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं की यात उपयोगाचं काम काही नसतं, नुसतं दमवून बघायचं, टिकतंय का.

“आमच्याकडं नव्या सुनंला असंच करतेत,” दाजी म्हणाले. “तुझ्या ताईला इचार की.”

पण माणूस समजूतदार. माझा चेहरा बघून त्यांनी आईला सांगितलं, “मामी, मला नगं वारं. फिरवा तिकडं.”

इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे जावई ‘नको’ म्हणाला की त्याचा अर्थ तो रुसलाय असा घेतात. आईनं कूलर आणखी जवळ ओढला आणि ती शिरा करायला उठली. दाजींनी परत नको म्हटल्यावर शेजारून टेबलफॅन आला, तोही त्यांच्याकडेच तोंड करून. दाजींच्या अंगावर आता दोन्हीकडून वारं होतं आणि कॉम्प्युटरच्या अंगावर शिऱ्याची वाफ.

अठ्ठ्याऐंशी. थांबवायला हवं होतं, पण भार बंद करायला मी माउसकडे हात नेला तेव्हा बाण हललाच नाही. स्क्रीन गोठली.

बटण दाबून बंद केलं. परत चालू होईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते सांगता येणार नाही. दाजींनीही शिऱ्याचा घास हातातच धरला होता. स्क्रीन उजळली तसं मी सेटिंगमध्ये गेले आणि दोन पायऱ्या खाली उतरले. चाचणी पुन्हा सुरू केली. कूलर दाजींकडे, फॅन दाजींकडे, दुपारचं ऊन डोक्यावर. तापमान ऐंशीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आतापर्यंत कॉम्प्युटरला सगळं वारं देऊन तपासत होते. खरी परीक्षा तर ही होती. यात टिकला तर सोमवारपर्यंत घरात कुणीही येवो.

पण दाजी उठून पिशवी घ्यायला लागले. ते गेले की कूलर मोकळा, म्हणजे चाचणी खोटी.

“दाजी, जाऊ नका ना,” मी म्हणाले. “संध्याकाळच्या गाडीनं जावा.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला शरमच वाटली. पाहुणा आला की पुस्तक घेऊन कोपऱ्यात जाणारी पोर जावयाला आग्रह करत होती. दाजींनी एकदा स्क्रीनकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

“किती येळ बसू, इंजिनेरबाई?”

“चार तास. आणि कूलर तुमच्याकडेच राहू द्या.”

दाजी बसले. थंडीनं शिंका आल्या तरी बसले. आईनं भजी तळली, परत चहा केला आणि मध्येच ताईला फोन करून सांगितलं की धाकटीला तुझ्या नवऱ्याची लई माया हाय, सोडंनाच. चाचणी एकदाही न अडखळता पार पडली तेव्हा दाजी कूलरसमोर टॉवेल पांघरून बसले होते.

मी प्रोग्रामला शिकवायचं काम सुरू केलं आणि दाजींना गाडीवर सोडून आले. सोमवारी सकाळी पावणेनऊला शेवटचा फोटो संपला.