मधूदादाची बोलकी भुतं

शैलावहिनीचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होते. "हे गेले गं. मी चहा घेऊन खोलीत गेले, तर…" एवढंच ती बोलली. माझ्या हातात मेथीची जुडी होती. भाजीवालीने दोनदा विचारलं, घेताय की ठेवताय. मधूदादा दोन वर्षं थोडा थोडा जात होता. तरी तो गेल्यावर काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मधूदादा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. परळच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. काका आणि माझे वडील दोघेही गिरणीत, त्यामुळे कुणीतरी कायम रात्रपाळी करून झोपलेलं, आणि आम्हा पोरांना दुपारभर आवाज न करण्याची ताकीद. गप्प बसवण्याचा उपाय मधूदादाने शोधला. लालबागच्या रद्दीवाल्याकडून तो भुतांची इंग्रजी कॉमिक्स आणायचा. फार जुनी, अमेरिकेतली, बोटीवरून कशी कोण जाणे इथवर आलेली. कव्हरं फाटलेली, कागद पिवळा पडलेला, वास रॉकेलचा. गॅलरीत भिंतीला टेकून तो मांडीवर पान उघडायचा आणि आम्ही त्याच्या दोन्ही खांद्यांवरून आत डोकावायचो. चिखलातून वर येणारा हात, पापण्या नसलेले डोळे, कवटीवर उरलेले चार केस… इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं, त्याला कळायचं तेही जेमतेम. पण त्याची भुतं मालवणी बोलायची. तुटलेला हात शोधत थडग्यातून उठलेलं प्रेत दारात उभं राहून खालच्या आवाजात विचारायचं, "माझो हात खंय आसा?" आणि आम्ही हसू की रडू अशा अवस्थेत फ्रॉकचं टोक तोंडात कोंबायचो, कारण आत काका झोपलेले.

मी सगळ्यांत भित्री. एकदा घरात पाणी प्यायला जायलाही तयार होईना, तेव्हा त्याने मला जवळ बसवलं आणि चित्रातल्या प्रेताच्या तोंडापुढचा संवादाचा फुगा बोटाने दाखवला. म्हणाला, "गो ज्योते, भियातंस कित्याक? तेका काय होया, ता तो सांगता मां? मग झाला." शेवटचं पान फाटलेलं असलं की गोष्ट तोच पुरी करायचा, आणि त्याच्या शेवटात भुताला हवं ते मिळायचंच. मग ते निमूट निघून जायचं.

पुढे त्याने औषधांच्या कंपनीत नोकरी केली, मुलीचं लग्न केलं, चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला तेव्हा अकराव्या मजल्यावर राहायला गेला. नव्या घरात हात थरथरू लागला, चालणं आखडलं. आणि मग त्याला खोलीत माणसं दिसू लागली. बहुतेक यायची आणि जायची. एक बाई मात्र खिडकीपाशी ठाण मांडून होती. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा आहे, वाद घालू नका. वहिनीने पडदे बदलले, आरसा काढला, गोळ्या बदलून झाल्या, गावाहून, शिरोड्याहून, अंगारा आला. बाई काही हलली नाही.

एका दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. तो खिडकीकडे बघत होता आणि माझं मनगट त्याने घट्ट धरलं होतं. लहान मुलासारखा घाबरला होता… मधूदादा. मला वाटलं, त्याचीच युक्ती करून बघावी. मी विचारलं, "दादा, तिला काय हवंय? विचार की तिला."

तो खिडकीकडे जरा वाकला. मग म्हणाला, "ती कायच बोलणा नाय, गो."

बाई मला दिसत नव्हती. तिच्या वतीने आपणच मालवणीत बोलावं, असंही क्षणभर मनात आलं, पण तोंड उघडेना. त्याने धरलेलं मनगट तसंच राहू दिलं, एवढंच माझ्याने झालं.

अखेरच्या महिन्यांत भीती ओसरली; बरं वाटून नव्हे, थकून. एके दिवशी वहिनीला म्हणाला, "कवाची उभी आसा ती. तिका बसाक खुर्ची दी." वहिनीने स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची आणून खिडकीपाशी ठेवली. त्यानंतर त्याला जरा शांत झोप लागायची, असं ती सांगते.

परवा वहिनीकडे गेले होते. पलंग भिंतीला सरकवलाय, औषधं देऊन टाकलीत, खोली मोठी दिसते. भाचरं आलेली, बसायला जागा कमी, म्हणून मी खिडकीपाशी गेले आणि तिथली प्लास्टिकची खुर्ची ओढायला हात घातला. वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती राहू दे, ज्योती. तू इकडे पलंगावर बस."

मी पलंगावर बसले.