रोममधी मागच्या गल्लीचा पत्ता सांगितला, पण...

दोस्तांनो, रोममधी मोठ्या चौकातल्या हॉटेलच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं माझं काम. आज दुपारी सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातले काका-काकू भेटले, त्यांचं मराठी ऐकून मीच हाक मारली. काकू म्हणाल्या, "बाळा, इथं चांगलं जेवण कुठं मिळतं?"

मालक शेजारीच हुता. त्याला कळलं असतं तर काम गेलं असतं. तरी मराठीत खरं सांगितलं, "आमच्याकडचं फ्रीजमधलं असतंय. मागच्या गल्लीत जावा, आमी कामगार तितंच जेवतो."

दहा मिनिटांत दोघं माघारी. काका म्हणाले, "तिथं फोटोचा मेनू नाही, कोणी या म्हणत नाही. तुझ्याकडंच बसतो की."

जेवून काकू हसल्या. "उगं नावं ठेवत होतास. लई छान होतं." वर शेंगाचटणीची पुडी दिली.

मालकानं पाठ थोपटली. माझं डोकं चालंना.

पुडी अजून खिशात हाय. उघडू का नको, तुमीच सांगा.