न बसलेल्या टोप्या

ॲर्डिस स्लेटनने चाप ओढला आणि रिव्हॉल्वरमधून नुसतं टक् झालं. रविवारच्या नेमबाजीत लोखंडी थाळ्या पाडायच्या असतात, आणि अशा आवाजाने थाळी काही पडत नाही. महिनाभर हेच चाललेलं, त्यामुळे क्लबचा ड्वेन चेष्टेवर आला. "मर्लच्या काडतुसांना सकाळी जाग येत नाही वाटतं. दुकानातली घे गं आता."

ॲर्डिसला ते झोंबलं. नॉर्थ डकोटाच्या त्या भागात घरोघरी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, पण दुसऱ्याच्या हातचं कुणी झाडत नाही. नवऱ्याचं तेवढं चालतं, आणि मर्ल लग्नापासून तिच्यासाठी भरत आला होता. गुडघे गेल्यावर त्याने ट्रॅक्टर-दुरुस्ती सोडली. तळघरातलं काडतुसं भरायचं टेबल एवढंच काय ते त्याचं काम उरलं होतं. दुकानातला डबा घरात आला असता, तर मर्लने हाय खाल्ली असती.

मर्लने आधी बंदुकीवर खापर फोडलं. ॲर्डिसची बोटं दुखतात म्हणून घोड्याची स्प्रिंग हलकी करून घेतली होती. त्याने जुनी कडक स्प्रिंग परत बसवली. तरी टक्. मग पाळी आली टोप्यांची. पुंगळीच्या बुडात बसणारी ही चिमुकली टोपी, घोडा आपटला की तीच दारू पेटवते. ओल लागली असेल म्हणत त्याने नवी खोकी फोडली. पुन्हा टक्.

आता मात्र ॲर्डिसला राहवेना. पोस्टात हयात घालवलेली बाई ती, चुकलेल्या पत्त्याचा छडा लागेपर्यंत तिला जेवण जायचं नाही. पुढच्या रविवारी न उडालेली काडतुसं तिने मैदानावरच पुन्हा झाडली, तर एकूण एक उडाली. टोपीच मेलेली असती तर दुसऱ्या फटक्यालाही उठली नसती. मग पहिला फटका जात होता कुठे? टोपीला खाली ढकलण्यात. म्हणजे टोपी पुरती बसलेलीच नव्हती.

पण दारू भरण्याआधी मर्ल टोपी वर राहिली नाही ना हे बघायला प्रत्येक पुंगळीच्या बुडावर बोट फिरवायचा. त्याच्या बोटातून काही सुटायचं नाही, हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं.

घरी येऊन ॲर्डिसने टेबलावरच्या टोपी बसवलेल्या, पण दारू न भरलेल्या दोन पुंगळ्या त्याच्या हातात ठेवल्या. "यातली टोपी वर राहिलेली कुठली?"

मर्लने दोन्हींवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "दोन्ही ठीक आहेत."

एकीची टोपी तिच्या नखाला चक्क अडकत होती.

"मर्ल, तुझ्या बोटांना कळत नाहीये."

त्याने पुंगळ्या टेबलावर ठेवल्या. "साखरेचा बधिरपणा पायातून हातात आलाय. हिवाळ्यापासून."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू दुकानात गेली असतीस."

ॲर्डिसला संताप आला. बंदूक हातात ॲर्डिस धरत होती, आणि हा बाप्या अंदाजाने टोप्या बसवत होता! तिने त्याला तसं सुनावलंही. भरून ठेवलेली सगळी काडतुसं पुन्हा खोलण्यासाठी बाजूला काढायला लावली. पण त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"तू दाब. बोट मी फिरवते."

मर्लने टोपी दाबली, पुंगळी पुढे केली, पण हातातून सोडेना.

"खरं सांगायचं हां. माझं मन राखू नकोस."

तिने बोट फिरवलं. "वर आहे," ती म्हणाली, आणि मर्लने ती पुंगळी पुन्हा दाबायला परत घेतली.