डावीकडून सुरुवात

चारचौघांत बोलायचं म्हटलं की चष्मेवाला पळवाट शोधायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि भिंगं काही उलट बोलत नाहीत. म्हणून चर्चचे जुने पाळक बदलून जाताना गुरुवारचा बायबल अभ्यास त्याच्या गळ्यात घालून गेले, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, तुम्ही घरात मीठ मागायला लाजता."

सुरुवातीला व्हायची ती ततपप झाली. मग त्याने एक सोय शोधली. गोल बसलेल्यांनी उजवीकडून सुरू करून एकेक वचन वाचायचं, आणि शेवटी त्याने घरून घोकून आणलेला अर्थ सांगायचा. या सोयीवर वर्ष निघालं. हळूहळू जीभ सुटली. प्रार्थनेत शब्द शोधावे लागेनात. आपण बोलतो तेव्हा पाठीशी कुणीतरी उभं असतं, असं त्याला खरोखर वाटू लागलं. लोक 'छान सांगता हो' म्हणू लागले आणि, खोटं कशाला बोला, अंगावर मूठभर मांसही चढलं.

त्याच भरात एका गुरुवारी तो म्हणाला, "आज डावीकडून सुरुवात करू."

कारखान्याच्या फाटकावरचा म्हातारा पहारेकरी नेहमीच्या, डावीकडच्या पहिल्याच खुर्चीवर होता. तो न चुकता येई, टोपी मांडीवर घेऊन बसे, पाळी आली की खणखणीत आवाजात आपलं वचन म्हणे आणि पुन्हा गप्प. त्या दिवशीही पुस्तकाकडे बघत त्याने वचन म्हटलं, पण ते पार खालचं, शेवटाकडचं होतं. कुणीतरी फिसकन हसलं. शेजारणीने मदत म्हणून त्याच्या पानावर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं, पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि तो निघून गेला. पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी राहिली, आणि रविवारच्या उपासनेलाही तो दिसला नाही.

चष्मेवाल्याला सुचला तो चष्मेवाल्यालाच सुचावा असा विचार. म्हाताऱ्याच्या ओळी सरकतायत, नजर गेली! तो तपासणीचा अक्षरांचा तक्ता काखेत मारून थेट त्याच्या घरी गेला. तक्ता भिंतीवर लावला, म्हाताऱ्याला दारापाशी उभं केलं आणि वरची ओळ वाचायला सांगितली. म्हातारा उभाच राहिला. बोटं तेवढी टोपीच्या कडेवरून फिरत होती. शेवटी त्याची बायको आतून आली.

"भाऊ, त्यांची नजर चांगली आहे," ती म्हणाली. "त्यांना वाचता येत नाही. आदल्या दिवशी मी वाचून दाखवते. त्यांच्या खुर्चीला कुठलं वचन येईल ते मोजतात आणि कुणी आलं-न आलं तर म्हणून मागचंपुढचं धरून पाठ करतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानात तक्ता लावण्याआधी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारी, वाचता येतं ना? न येणाऱ्यांसाठी नुसत्या खुणांचा वेगळा तक्ताही होता. हाच प्रश्न अभ्यासात मात्र त्याने एकदाही विचारला नव्हता, कारण म्हाताऱ्याच्या हातात पुस्तक उघडं असे. त्याने माफी मागितली.

"तुमचा दोष नाही," म्हातारा म्हणाला. "पण आता तिथं तोंड दाखवणं नाही."

घरी येऊन चष्मेवाल्याने बायकोला सांगितलं की आपली लायकी नाही, अभ्यास सोडतो. ती भाजी निवडत होती. सोडा की, म्हणाली, पण मग त्या म्हाताऱ्यांना परत कोण आणणार? तो प्रार्थनेला बसला आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याने बोलायला शब्द मागितले नाहीत. तो माणूस परत येऊ दे, एवढंच मागितलं.

गुरुवारी तो फाटकावर गेला आणि म्हाताऱ्याची पाळी संपेपर्यंत बाहेर थांबला. आज कुणीच वाचणार नाही, म्हणाला, मी एकदा वाचेन आणि सगळे ऐकतील, तुम्ही नुसते चला. हो-नाही करत म्हातारा निघाला, पण अभ्यासाच्या खोलीच्या दारात त्याची पावलं अडली. तेव्हा चष्मेवाला आधी आत गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की माझ्या पद्धतीने आपलं एक माणूस दुखावलं, आजपासून ती पद्धत बंद. जास्त काही सांगितलं नाही. म्हातारा आत येऊन बसला, टोपी मांडीवर.

चष्मेवाल्याने हरवलेल्या मेंढराची गोष्ट, नव्याण्णव मेंढरं मागे ठेवून मेंढपाळ एकाला शोधतो आणि खांद्यावर घेऊन येतो ती, सावकाश वाचली आणि विचारलं, काय मनात आलं? कुणी बोलेना. एरवी त्याने घोकलेला अर्थ पुढे केला असता, पण आज काही घोकलंच नव्हतं. त्याने पुस्तक मिटलं आणि वाट पाहिली.

"एक विचारू?" पहारेकरी म्हणाला. "ते मेंढरू परत आलं, तेव्हा बाकीच्यांना त्यानं तोंड कसं दाखवलं? ते लिहिलंय का?"

कुणी हसलं नाही.

"लिहिलेलं नाही," चष्मेवाला म्हणाला. "पण ते चालत आलं नव्हतं, काका. खांद्यावर आलं होतं. तोंड दाखवायचं होतं ते मेंढपाळाला."

या वेळी ततपप झाली नाही. म्हातारा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने मांडीवरची टोपी उचलली आणि खुर्चीखाली ठेवली.