तीनदा पुकारलं होतं

कोर्टात सगळे त्याला भोंगा म्हणत. दाराबाहेर उभं राहून आरोपीचं नाव तीनदा पुकारायचं, एवढंच त्याचं काम. पण आवाज असा की समोरच्या चहावाल्याच्या हातातला कप हिंदकळे. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. तीन हाकांत माणूस आला नाही की तो गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे जामीन रद्द, थेट तुरुंग. "कायद्याला कमी ऐकू येतं, म्हणून तर मला ठेवलंय," असं तो बायकोला सांगायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

निवृत्तीला चार महिने उरले असताना घसा बसला. डॉक्टरांनी आत गाठ असल्याचं सांगितलं आणि मोठ्याने बोलायला सक्त मनाई केली. ऑफिसात त्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही. आवाज गेलेल्या पुकारेवाल्याला कोण ठेवणार? घाबरलेला माणूस असाच वागतो, त्याला नावं तरी काय ठेवायची.

त्या सोमवारी जामिनावर सुटलेल्या एका बाईची तारीख होती. दवाखान्यात झाडलोट करणारी. आजारी नवऱ्यासाठी तिथलं एक ब्लँकेट घरी नेलं, एवढा तिचा गुन्हा. सकाळी आठपासून ती जिन्याजवळच्या बाकावर येऊन बसली होती. भोंग्याने तिचं नाव तीनदा पुकारलं खरं, पण घशातून निघाली ती नुसती फुसफुस. गर्दीत ती हाक जिन्यापर्यंत काही पोचली नाही.

"तीनदा झालं?" न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं.

"झालं, साहेब."

दुपारी ती बाई त्याच्यापाशीच आली. "भाऊ, माझा नंबर अजून किती लांब?"

तोवर वॉरंटवर सही झाली होती. पोलीस तिला गाडीकडे नेत होते तेव्हा ती एकच सांगत राहिली, "घरी माणूस अंथरुणाला खिळलाय हो. त्याला पाणी द्यायला कोणी नाही."

दोन दिवस भोंग्याला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी तो न्यायाधीशांपुढे उभा राहिला आणि सगळं ओकून मोकळा झाला. साहेब माणूस वाईट नव्हता.

"हाक केवढी मोठी हवी, हे कायद्यात कुठे लिहिलंय? तुम्ही तीनदा पुकारलंत. तिचा जामिनाचा अर्ज पुढच्या आठवड्यात ऐकू."

"आणि मला शिक्षा, साहेब?"

"कशाबद्दल?"

एका ब्लँकेटपायी बाई गजाआड, आणि तिला तिथे धाडणारा हा राजरोस मोकळा. कोणत्या न्यायात बसतं हे? कायद्यात मात्र अगदी व्यवस्थित बसत होतं.

तो विचारत विचारत तिच्या घरी गेला. दाराशी शेजारीण उभी होती. "मी दोन्ही वेळा दूध नेऊन देत होते," ती म्हणाली, "पण मलाही कामावर जावं लागतं. आज सकाळी बघते तर गेलेला."

तिथून तो तडक तुरुंगात गेला. जाळीपलीकडे बाई येऊन उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी मी हळू पुकारलं. घसा गेलाय माझा. चूक माझी आहे."

ती रागावेल, शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं, नव्हे, तेच त्याला हवं होतं. पण तिचा चेहरा खुलला.

"मग साहेबांना एवढंच सांगा की, भाऊ. ते सोडतील मला. संध्याकाळपर्यंत घरी पोचेन. ह्यांचं औषध संपत आलं असेल."

भेटीला दहा मिनिटं मिळत. त्यातली आठ अजून उरली होती, आणि दुसरी गोष्ट त्याला सांगायचीच होती.