पहिल्या रविवारची इर्जिक

शहाणी माणसं गाढवपणा एकटी करतात, चार भिंतींत करतात आणि कुणाला कळायच्या आत निस्तरून टाकतात. मी केला तो तीस माणसं गोळा करून, उघड्या शेतात, रविवारी सकाळी. वर सगळ्यांना बकऱ्याचं जेवण घातलं. आता बोला! चहा गार करू नका, सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी रोझ हिलला एका कचेरीत कारकून होतो. आठवडाभर मावशीकडे राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी बस पकडून घरी, बों अक्योयला यायचं. त्या उन्हाळ्यात वडील गेले. मागे ठेवली अर्धी अर्पां जमीन, म्हणजे साधारण अर्धा एकर धरा. त्यात ऊस.

आईचं म्हणणं सरळ होतं. ऊस मजूर तोडतील, पण जमिनीकडे रोज बघणार कोण? शेजारचे तात्या ती कसायला मागत होते. तात्या म्हणजे पन्नाशीचा गडी, कमी बोलणारा, हात फावड्यासारखे. मी आईला म्हणालो, वडिलांची जमीन दुसऱ्याच्या हातात जाऊ देणार नाही, मी करीन.

आई म्हणाली, "एक थंडी देते तुला. पीक काढून दाखव, जमीन तुझी. नाही निघालं, तर तात्या करतील."

आमच्या बेटावर ऋतू उलटे, थंडी येते ती आषाढात. ऊस तुटतो, खोडवा राहतो आणि दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात लोक बटाटा लावतात, शेंगा लावतात. मी कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून चार पोती बियाण्याचे बटाटे मिळवले. आता लावायचे कसे? माझ्या हाताला तोवर पेनाशिवाय दुसरं काही लागलेलं नव्हतं.

त्यासाठी आमच्याकडे इर्जिक होती. हा शब्द आजोबांनी साताऱ्याकडून बोटीतून आणलेला. पोरं त्याला क्रियोलमध्ये 'कुदमें' म्हणतात, पण गोष्ट तीच. एका रविवारी सगळं गाव एकाचं शेत करून देतं, त्यानं जेवण घालायचं. पुढल्या रविवारी दुसऱ्याचं. थंडीभरात घराला एकच पाळी, आणि भांडण असलं तरी कुदळ घेऊन यायचंच, हा नियम.

ही पाळी लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी गावच्या मंडळाचा चिटणीस! बैठकेच्या, म्हणजे मंडळाच्या सभागृहाच्या, फळ्यावर थंडीचे सगळे कार्यक्रम मी सुंदर अक्षरात लिहायचो: इर्जिकी कुणाच्या कधी, कोबीची रोपं कधी वाटणार, माएबूर्गला समुद्रावर सहल कधी, गणपती, आणि शेवटी भाज्यांचं प्रदर्शन. त्या वर्षी जुलैच्या पहिल्या रविवारपुढे मी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर जरा जास्तच सुंदर आलं.

तात्यांना तोच रविवार हवा होता. त्यांनी सभेत तसं सांगितलं. मी म्हणालो, यादी लिहून झाली, आता पुसता येणार नाही. फळ्यावरचा खडू पुसता येत नाही, हे गावानं माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तात्या एवढंच म्हणाले की कचेरीतल्या माणसाला घाई कसली. मग मी जे बोललो ते इथे सांगत नाही, पण त्यात 'माझी जमीन' हे शब्द पाच-सहा वेळा होते. त्या दिवसापर्यंत तात्या मला बाळू म्हणायचे. त्या दिवसापासून चिटणीस म्हणायला लागले.

रविवार उजाडला. मी नवे गमबूट घातले, डोक्यावर गवती टोपी चढवली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागलो. बायको सुभद्रा आणि आई घरी स्वयंपाकात. मागे तीस माणसं, बैलगाडीत माझी चार पोती.

आता एक गोष्ट कबूल करतो. मी त्या शेतावर वडिलांबरोबर दोन-तीनदाच गेलो होतो, तेही ऊस उभा असताना. उभ्या उसात वाट एकच असते, दोन्ही बाजूंना भिंती. काळ्या दगडांचा ढीग लागला, त्यावर घायपाताचं झुडूप दिसलं, की डावीकडे वळायचं. चुकायला जागाच नाही. पण ऊस तुटल्यावर सगळा मुलूख हजामत केल्यासारखा एकसारखा. दगडांचे ढीग वीस, आणि प्रत्येक ढिगावर घायपात! मला वाटायचं घायपात फक्त आमच्याच ढिगावर आहे. बाकीचे ढीग मी कधी पाहिलेच नव्हते ना.

चिटणीस असा अडखळतो का कधी? मी एका ढिगापाशी थांबलो, हात वर केला आणि पाचट बाजूला करायला सांगितलं.

तात्या कुदळ घेऊन आले होते. नियमच तसा. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "चिटणीस, हितनंच धरायचं का?"

मला वाटलं, खोडी काढतोय. म्हटलं, "होय, इथूनच."

तात्यांनी खांद्यावरची कुदळ खाली टेकवली. मग म्हणाले, "एकवार नीट बघून घ्या म्हनतो मी."

"तात्या, माझं शेत मला कळतं."

"आलोर, मग तुमचा बा हयात असता तर त्यानं..."

"वडिलांचं नाव काढू नका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आज मालक मी आहे."

तात्यांनी मान हलवली, धोतर खोचलं आणि पहिली कुदळ घातली. आणि काय सांगू, त्या दिवशी तात्यांनी जे काम केलं तसं कुणी केलं नाही! तिघांचं काम एकट्यानं. दहाच्या सुमाराला घरी गेले आणि स्वतःचं गाडीभर शेणखत घेऊन आले. मी थक्क झालो. ज्याच्याशी भांडलो तो माझ्या शेतात स्वतःचं खत टाकतोय! माझा ऊर भरून आला. मी सगळ्यांदेखत त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, झालं गेलं विसरून जाऊ.

"व्हय," तात्या म्हणाले. "इसरू."

लोक कुजबुजत होते. दोघातिघांनी तात्यांना काहीतरी विचारलं, तर ते म्हणाले, चिटणिसांना विचारा. पण मी नुकताच तात्यांवर डाफरलो होतो, मला विचारायची हिंमत कोण करणार? दुपारी जेवताना मंडळाचे अध्यक्ष, म्हातारे धोंडूकाका, पानावरून उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरा, मन मोठं हाय तुझं." मला वाटलं, मटणाबद्दल बोलताहेत. मीही म्हणालो, अजून घ्या की.

त्यानंतर दोन शनिवार कचेरीत काम निघालं. तिसऱ्या आठवड्यात घरी आलो तेव्हा बारीक पाऊस पडून गेला होता. मी सुभद्राला म्हणालो, चल, बटाटे उगवलेले दाखवतो. ती आनंदानं निघाली. लग्न झाल्यापासून माझ्या वडिलांची न्याहारी रोज तीच शेतावर घेऊन जायची.

आम्ही गेलो. हिरव्यागार ओळी! मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. बाजूला बघतो तर सुभद्रा नाही. ती पुढे निघून गेली होती, एक बांध ओलांडून पलीकडच्या शेतात. तिथे पाचट पडलेलं होतं तसंच, मधून गवत वर आलेलं.

मी ओरडलो, "अगं, तिकडे कुठे? शेत इकडे आहे."

"अहो, मामंजी या दगडावर बसून जेवायचे," ती म्हणाली. मग तिनं माझ्या ओळींकडे पाहिलं. "हे तर तात्यांचं."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. आम्ही घराकडे वळलो. मला डोळ्यांपुढे दिसत होतं ते आईचं तोंड. एक थंडी दिली होती तिनं. माझी पाळी संपलेली, बियाणं संपलेलं, आणि वडिलांची जमीन तशीच ओस. 

तसाच तात्यांकडे गेलो. ते ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी म्हणालो, तुम्हाला ठाऊक होतं! तर शांतपणे म्हणाले, "आसनारच की. माजंच शेत." मग बोलले का नाहीत? तर म्हणाले, किती वेळा बोलू? मालक कोण ते तुम्हीच सांगितलंत.

पण माणूस वाईट नव्हता. मला बसायला पाट दिला आणि उपाय सांगितला. बटाटे निघाले की निम्मे माझे. आणि त्यांच्या घरात शेंगांचं बियाणं पडून होतं, त्यांच्या शेतात आता जागाच नव्हती. "उद्या बैठकेत हुबं ऱ्हावा," तात्या म्हणाले, "चुकलो म्हना. फुडल्या रविवारी माज्या पाळीला समदी तुमच्याकडं येतील, माजं बियानं तुमच्या शेतात पडंल. तुमच्या आईला पीक दिसंल. कोरेक?"

मी म्हणालो, कोरेक, ठरलं. बोलून-चालून एक शब्द म्हणायचा होता. चुकलो. रात्रभर मी तो घोकला.

सकाळी बैठकेत गेलो तर दाराला तोरण. आत शंभरेक माणसं, पुढच्या बाकावर आई, नवं लुगडं नेसून. धोंडूकाकांच्या हातात झेंडूचा हार. मी काही बोलायच्या आत तो माझ्या गळ्यात पडला. मग काका बोलायला उभे राहिले. म्हणाले, या पोरानं पहिल्या रविवारसाठी तात्यांशी भांडण केलं, आणि ऐन रविवारी आपली पाळी, आपलं बियाणं, आपलं जेवण, सगळं तात्यांच्या शेताला देऊन टाकलं. वर सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला. असा चिटणीस कुठल्या गावाला मिळाला?

टाळ्या पडल्या. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? तात्या मागच्या बाजूला उभे होते, माझ्याकडे बघत. मी उठलो. तोंड उघडलं. चुकलो म्हणायचं होतं आणि त्याऐवजी मी वीस मिनिटं भाषण केलं.

काय भाषण! म्हणालो, माझं-तुझं हे सगळं खोटं आहे. म्हणालो, जमीन मातीत राबणाऱ्याची, कागदावर नाव असणाऱ्याची नव्हे. ही वाक्यं कुठून आली मला माहीत नाही, पण एकामागून एक येत होती. धोंडूकाकांनी डोळे पुसले. तात्या खाली बघत होते.

मी खाली बसलो आणि आई उभी राहिली. आई कधी सभेत बोलत नाही.

"माझ्या लेकाला जमिनीची हाव हाय, आसं मला वाटायचं," ती म्हणाली. "मी चुकले. त्यानं आत्ता तुमच्या समद्यांच्या म्होरं सांगितलं, जमीन राबनाऱ्याची. आलोर, आमची अर्धी अर्पां आजपासून तात्या करतील. लेकाच्या मनासारखं होऊ दे."

टाळ्या माझ्या भाषणापेक्षा जास्त पडल्या. सुभद्रानं आईला आदल्या संध्याकाळी काही सांगितलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

कागद त्याच दुपारी आमच्या ओसरीवर झाला. लिहिणार कोण? गावात चांगलं अक्षर एकाचंच. आई शेजारी बसली, तात्या समोर. मी नाव, गाव, वडिलांचं नाव सगळं झोकात लिहिलं आणि चतुःसीमेपाशी आलो. इथे मात्र चूक होऊ द्यायची नाही, असं ठरवून मी ठळक अक्षरात लिहिलं: पूर्वेस, तात्यांचं शेत.

तात्यांनी कागदावर बोट ठेवून वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाळू," ते अगदी मायेनं म्हणाले, "पश्चिमेस."

आई म्हणाली, "खाडाखोड नको. नवा कागद घे."